बत्हाच्या काउंटरवरचा कॅमेरा

तुम्ही दुबईत असाल, न्यू जर्सीत असाल, मेलबर्नला असाल किंवा आमच्यासारखे रियाधमध्ये. आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटंसं काम सांगतो. घरातल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जरा हात घाला. जुन्या चार्जरच्या गुंत्यामागे एक काळी बॅग हाताला लागेल. चेन थोडी अडकेल. आत एक कॅमेरा असेल, पुढे 18 ते 55 मिलिमीटर असं लिहिलेली लेन्स असेल आणि लेन्सचं झाकण बहुतेक हरवलेलं असेल.

सापडला? मग आजचा भाग त्याच्याबद्दलच आहे. साधारण 2005 ते 2015 या दहा वर्षांत परदेशात गेलेल्या मराठी घरांमध्ये प्रेशर कुकर आणि पुरणयंत्राच्या बरोबरीनं ही वस्तू आली. तिला दुकानदार 'एंट्री लेव्हल डीएसएलआर' म्हणत, म्हणजे शिकाऊ माणसाचा मोठा कॅमेरा. तो कुठून आला, त्याच्या अंगी काय काय गुण होते, कंपन्यांनी त्यात काय दिलं आणि काय राखून ठेवलं, हा इतिहास आज सांगायचा आहे. मी व्यवसायानं आयटी सल्लागार, त्यातून एमबीए केलेलं, त्यामुळे किमतीचा विषय मधूनमधून निघेल, तेवढं सांभाळून घ्या.

माझा कॅमेरा मी घेतला तो बत्हामध्ये, 2011 साली.

ज्यांनी बत्हा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अरबीत 'बत्हा' म्हणजे वाळू-खडीचं सपाट पात्र, पाऊस पडला की ज्यातून पाणी वाहतं अशी जागा. जुन्या रियाधच्या तटबंदीच्या पूर्वेला असं एक पात्र होतं. तट 1950 च्या सुमारास पाडला गेला, शहर वाढलं, पात्रावर रस्ता झाला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार उभा राहिला. अब्दुलअझीझ इब्न सौद यांनी जानेवारी 1902 मध्ये जो मस्मक किल्ला जिंकून आपलं राज्य परत मिळवलं, तो किल्ला इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणजे या देशाचा इतिहास जिथे सुरू झाला, त्याच्या शेजारीच आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचा बाजार आहे. केरळी, बंगाली, येमेनी, फिलिपिनो, नेपाळी, सगळ्यांच्या गल्ल्या आहेत आणि पाट्यांवर अरबीबरोबर मल्याळम, बंगाली, उर्दू दिसते. आता तर मेट्रोच्या निळ्या मार्गाचं नावच ओलया–बत्हा आहे. ती मेट्रो 1 डिसेंबर 2024 ला सुरू झाली.

मी आलो 2010 मध्ये, तेव्हा मेट्रो नव्हती आणि सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. शुक्रवार-शनिवार झाली ती जून 2013 मध्ये. शुक्रवारी दुपारनंतर बत्हाच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसे. कोणी खरेदीला येई, कोणी घरी पैसे पाठवायला आणि पुष्कळ जण नुसतेच गाववाल्यांना भेटायला. फुटपाथवर घोळके उभे असत, कुठला घोळका कुठल्या जिल्ह्याचा हे त्यांचं त्यांना ठाऊक असे. नमाजाची बांग झाली की सगळ्या दुकानांची शटर्स एकदम खाली येत आणि पंचवीस-तीस मिनिटं गिऱ्हाईक बाहेर ताटकळत राही. कॅमेऱ्याचं शटर मी नंतर शिकलो, दुकानाचं शटर आधी.

आता कॅमेरा आणि हे शहर यांच्या नात्याबद्दल दोन शब्द, कारण ते सरळ नव्हतं.

अरबस्तानातली फोटोग्राफी बरीच जुनी आहे. महंमद सादिक बे नावाच्या इजिप्शियन लष्करी अधिकाऱ्यानं 1861 मध्ये मदिनेचे फोटो काढले आणि पुढे 1880 च्या सुमारास मक्केचे. रियाध मात्र वाळवंटाच्या आत, वाटेपासून दूर. तिथे मार्च 1914 मध्ये कॅप्टन विल्यम शेक्सपिअर हा अधिकारी उंटांवरून कॅमेरा घेऊन पोचला. नाटककार शेक्सपिअरशी गोंधळ करू नका. हा जन्मला पंजाबात आणि नोकरीला होता हिंदुस्थान सरकारच्या, कुवेतमध्ये. 1910 साली कुवेतमध्येच त्यानं इब्न सौद यांचा फोटो काढला होता. रियाधचे मातीचे तट, मशिदी, माणसं त्याच्या कॅमेऱ्यात आली. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1915 मध्ये, जर्राबच्या लढाईत तो मारला गेला. फोटो मात्र राहिले. आज जुनं रियाध कसं दिसत होतं हे ज्या थोड्या चित्रांवरून कळतं, त्यात त्याची चित्रं आहेत.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं बघा. शेक्सपिअर रियाधला पोचला त्याच्या दहा महिने आधी, 3 मे 1913 ला, मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला होता. मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्येच निघाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या जुन्या सभासदांपैकी. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर मूळचे स्टुडिओवाले फोटोग्राफर. त्यांनी लंडनहून एकवीस गिनी मोजून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. फाळक्यांनी तर 1912 मध्ये विमा गहाण ठेवून लंडन गाठलं आणि तिथून विल्यमसन कॅमेरा आणला. थोडक्यात, आपल्याकडे हौस कधीच कमी नव्हती. कॅमेऱ्याची किंमत आड येत होती.

सौदीत दुसरी एक गोष्ट आड येत होती, ती म्हणजे परवानगी. सार्वजनिक ठिकाणी फोटो काढणं इथे बरीच वर्षं निषिद्धच मानलं जाई. कॅमेरावाले मोबाईल आले तेव्हा त्यांच्यावरही बंदी होती, ती 2004 च्या अखेरीस उठली. 2006 मध्ये, जिथे मनाईची पाटी नाही अशा सार्वजनिक जागी फोटो काढायला मोकळीक मिळाली. 2007 च्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यात मोबाईल कॅमेऱ्याच्या दुरुपयोगाला एक वर्षापर्यंत कैद आणि पाच लाख रियालपर्यंत दंड आला. त्यामुळे मी कॅमेरा घेतला तेव्हा कायद्यानं हरकत नसली तरी रस्त्यावर गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून फिरणारा माणूस विरळाच होता. सरकारी इमारत, पोलीस आणि बायका यांच्याकडे लेन्स चुकूनही वळवायची नाही, हा पहिला धडा मला कार्यालयातल्या सहकाऱ्यानं दिला.

आता कॅमेऱ्याकडे येऊ.

'एसएलआर' या तीन अक्षरांचा अर्थ सोपा आहे. एकच लेन्स आणि तिच्यामागे तिरपा बसवलेला आरसा. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो, वरच्या पैलूदार काचेतून किंवा आरशांतून वळून तुमच्या डोळ्यात येतो. म्हणजे तुम्ही जे बघता ते लेन्सच्याच डोळ्यानं बघता. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, शटर उघडतं आणि प्रकाश मागच्या फिल्मवर पडतो. 'खटक्' असा जो आवाज येतो, त्यात आरशाचाही वाटा असतो. 35 मिलिमीटर फिल्मचा असा कॅमेरा 1936 मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला किने एक्झाक्टा नावानं आला. डोळ्याच्या रेषेत सरळ चित्र दाखवणारी पैलूदार काच 1949 मध्ये काँटॅक्स एसमध्ये आली. 1959 च्या निकॉन एफनं तो वार्ताहरांचा कॅमेरा बनवला. आपल्या मध्यमवर्गीय घरात मात्र असलाच तर आगफा क्लिक थ्री असायचा. बाकी लग्नमुंजीला स्टुडिओवाला येई, तो सांगेल तसं उभं राहायचं.

फिल्मच्या जागी सेन्सर कसा आला? कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साधारण साडेतीन किलो, चित्र काळं-पांढरं, 100 गुणिले 100 म्हणजे फक्त दहा हजार बिंदूंचं. एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. पुढे 1991 मध्ये कोडॅकनंच निकॉन एफ-3 च्या अंगावर आपला 1.3 मेगापिक्सेलचा सेन्सर चढवून डीसीएस हा कॅमेरा विकला. त्याची साठवणपेटी वेगळी खांद्याला अडकवावी लागे आणि किंमत वीस हजार डॉलरच्या घरात. तो वृत्तपत्रांनीच घ्यावा. 1999 च्या निकॉन डी-1 नं ती पाच हजारांच्या आसपास आणली. 2.7 मेगापिक्सेल. तरीही घरगुती माणसाचा संबंध नव्हता.

तो संबंध ऑगस्ट 2003 मध्ये आला. कॅननचा ईओएस 300 डी हा 6.3 मेगापिक्सेलचा कॅमेरा, लेन्ससकट 999 डॉलर. सौदी रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 असा बांधलेला आहे, म्हणजे साधारण 3,750 रियाल. स्वस्त नव्हे, पण एखाद्या इंजिनिअरनं दोन-तीन महिने हात आखडता घेतला तर जमेल असं. त्याबरोबर मिळणारी 18-55 ची लेन्स तेव्हापासून पुढे वीस वर्षं घराघरांत गेली. दुकानदार तिला 'किट लेन्स' म्हणत, म्हणजे डब्यातच येणारी. धंद्याचं गणितही चोख. कॅमेऱ्यात नफा थोडा ठेवायचा, पण एकदा त्या कंपनीची कडी घरात आली की पुढच्या लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या तिच्याच घ्याव्या लागतात.

आता यातली खरी गंमत ऐका. 300 डी मधला सेन्सर कॅननच्याच 10 डी या महागड्या भावासारखाच होता. 10 डी ची किंमत सुरुवातीला पंधराशे डॉलर होती. फरक कुठे ठेवला? अंग प्लास्टिकचं केलं, आतली पैलूदार काच काढून हलके आरसे बसवले आणि काही सोयी आतल्या फर्मवेअरमध्ये बंद करून ठेवल्या. यंत्राला त्या येत होत्या, पण करू दिल्या जात नव्हत्या. हे हौशी प्रोग्रॅमर मंडळींच्या लक्षात आलं. त्यांनी बदललेलं फर्मवेअर बाहेर सोडलं आणि कुलूपबंद सोयी, उदाहरणार्थ 3200 आयएसओ आणि फ्लॅशचा जोर कमीजास्त करणं, चालू झाल्या. माझ्या धंद्यात हे रोजचंच. एकच सॉफ्टवेअर, तीन किमती, फरक फक्त कुठलं कुलूप उघडं एवढाच. एंट्री लेव्हल या शब्दाचा अर्थ मला तेव्हापासून असा कळतो: कुवत तीच, परवानगी कमी.

पुढची काही वर्षं चढाओढीची होती. निकॉनचा डी-70 2004 मध्ये आला, डी-40 2006 च्या अखेरीस लेन्ससकट सहाशे डॉलरला. कॅननचा 400 डी 2006 मध्ये सेन्सरवरची धूळ झटकण्याची सोय घेऊन आला. रियाधमध्ये राहणाऱ्याला ती सोय म्हणजे काय हे सांगायला नको. 10 मार्च 2009 ला इथे असं धुळीचं वादळ आलं होतं की भरदिवसा अंधार झाला. आजही त्या दिवसाच्या गोष्टी निघतात. इथला नियमच आहे, लेन्स बदलायची तर घरात, पंखा-एसी बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. 2008 मध्ये निकॉन डी-90 नं डीएसएलआरमध्ये पहिल्यांदा व्हिडिओ आणला आणि 2010 पर्यंत तो स्वस्त कॅमेऱ्यांतही उतरला. निकॉनच्या डी-3000 मध्ये 2009 साली 'गाइड' नावाची सोय आली. तुम्हाला काय हवंय ते निवडा, कॅमेरा पायरीपायरीनं सांगेल. शिकाऊ गिऱ्हाईक गृहीत धरून बांधलेलं यंत्र ते.

आता तुमच्या कपाटातल्या कॅमेऱ्याचे गुण एकेक करून बघू.

पहिला, सेन्सरचं आकारमान. त्या कॅमेऱ्यात साधारण 23 गुणिले 15 मिलिमीटरचा सेन्सर असतो. त्या काळच्या खिशातल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळानं दहा-बारा पट मोठा. अंगणात ठेवलेलं घमेलं आणि वाटी यात पावसाचं पाणी कशात जास्त पडेल? तसंच प्रकाशाचं आहे. मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा हे घमेलं महत्त्वाचं.

दुसरा, वरची गोल चकती. हिरवी खूण म्हणजे सगळं कॅमेऱ्यावर सोडलं. पी, ए, एस, एम म्हणजे थोडं किंवा सगळं तुमच्या हातात. कॅननवर ए आणि एसच्या जागी एव्ही आणि टीव्ही लिहिलेलं असतं. मंडळी, माझ्या अंदाजानं निम्म्या घरांत ती चकती हिरव्या खुणेवरून कधी हललीच नाही.

तिसरा, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या बुबुळाचं छिद्र. आकडा लहान तितकं छिद्र मोठं. किट लेन्स 50 मिलिमीटरच्या आसपास 5.6 पर्यंतच उघडते. 50 मिलिमीटरची साधी, स्वस्त लेन्स 1.8 पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश. शिवाय माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर होतं.

चौथा गुण नव्हे, उणीव. डी-40 पासून निकॉनच्या स्वस्त कॅमेऱ्यांत लेन्स फिरवणारी मोटर अंगात ठेवलेली नव्हती. ती लेन्समध्ये असेल तरच आपोआप फोकस होणार. मी ही ओळ न वाचता बत्हामध्ये एक जुनी 50 ची लेन्स स्वस्तात उचलली. घरी येऊन लावली तर फोकस हलेना. चूक माझीच. दुकानदारानं दोनदा विचारलं होतं, कॅमेरा कुठला आहे म्हणून. शेवटी हातानं कडं फिरवून फोकस करायला शिकलो, आणि ते शिकलो ते एका माणसाच्या उपयोगी पडलं.

आमच्या प्रकल्पाच्या गाडीवर खेड तालुक्यातले एक ड्रायव्हर होते. कोकणातून आखातात येणं त्यांच्या घराण्यात वडिलांपासूनचं. माझ्याशी ते त्यांच्या कोकणी वळणाच्या मराठीत बोलत आणि दिवसभर हिंदी-इंग्रजी-अरबीनं शिणलेल्या कानाला बरं वाटे. एका शुक्रवारी बत्हात भेटले. म्हणाले, "साहेब, माझा एक फोटो काढा ना. पासपोर्टवाला नको." मुलीचा निकाह ठरला होता आणि रजा मिळत नव्हती. मोठा फोटो छापून पाठवायचा होता, घरच्या अल्बममध्ये लावायला. आणि एक अट होती. "मागं काय हाय ते कळता नये."

आम्ही मुरब्बाच्या बाजूला, राष्ट्रीय संग्रहालयाजवळच्या खजुरांच्या बागेत गेलो. इस्त्री केलेला सदरा ते पिशवीत घेऊन आले होते. छिद्र 1.8 वर उघडं ठेवलं. इतक्या उघड्या छिद्राला फोकस जरा चुकला की डोळे सोडून कान स्पष्ट येतात. पहिले तीन फोटो वाया गेले. चौथ्यात डोळे बरोबर आले. मागची खजुराची झाडं विरघळून हिरवी-करडी झाली, इतकी की ती माडाची वाटावीत. पडद्यावर त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हां. आता घरचा वाटतो."

बत्हातल्याच स्टुडिओत आठ बाय दहाचा छापून घेतला. गावी जाणाऱ्या माणसाबरोबर तो गेला.

त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या निवासपरवान्यावर, पेशा लिहिला होता 'आमिल', कामगार. कुटुंब आणायचा व्हिसा कुणाला मिळेल हे इथे पेशाच्या त्या एका रकान्यावर ठरतं. माझ्या रकान्यात इंजिनिअर होतं, म्हणून त्याच वर्षी माझी बायको आणि दोन मुलं रियाधला आली. आम्ही दोघंही एकाच जिल्ह्याच्या आजूबाजूचे, एकच भाषा बोलणारे, बाप म्हणून दोघांची कुवत सारखीच. एकाचं कुलूप उघडं होतं.

आमची सात वर्षं छान गेली. फराळ, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, हिवाळ्यात वाळवंटातल्या सहली, आरतीचा आवाज दाराबाहेर जाणार नाही अशा बेतानं बसवलेला घरचा गणपती. सगळं त्या कॅमेऱ्यात आहे. मग जुलै 2017 पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबित माणसामागे महिन्याला 100 रियाल शुल्क सुरू झालं. ते दर जुलैला शंभरानं वाढत 2020 मध्ये 400 होणार हे आधीच जाहीर होतं. माझ्या घरात अशी तीन माणसं. म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला 300, मग 600, मग 900, मग 1,200 आणि इकामा नूतनीकरणाच्या वेळी वर्षाचे एकदम भरायचे. त्यातच जानेवारी 2018 पासून पाच टक्के व्हॅट आला. एक्सेलमध्ये आकडे मांडले आणि घरात कोणी फार बोललं नाही. आमच्या इमारतीतली सहा भारतीय कुटुंबं त्या दोन वर्षांत गेली, त्यात आम्ही एक. परीक्षा संपल्यावर बायको आणि मुलं पुण्याला गेली, मी इथेच राहिलो. कॅमेरा त्यांच्याबरोबर दिला नाही. फोनवर चांगले फोटो येतात, असं मुलगी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

सगळ्या जगाचंही तेच झालं. 2010 मध्ये जगभर बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. 2023 मध्ये तो आकडा ऐंशी लाखांच्या आत होता. फोनच्या सेन्सरचं घमेलं छोटंच राहिलं, पण त्यामागचं गणित मोठं झालं. एकामागोमाग अनेक चित्रं घेऊन ती एकात मिसळायची. मागचं धूसर करायचं कामही आता सॉफ्टवेअर करतं. मोठ्या कंपन्यांनी आरसा काढून टाकलेले कॅमेरे पुढे केले. निकॉनचा 2018 सालचा डी-3500 हा त्यांच्या शिकाऊ मालिकेतला शेवटचा ठरला.

मंडळी, इथे हा इतिहास संपला असता. पण मागच्या दिवाळीत पुण्याला गेलो तेव्हा सात वर्षांचे फोटो एका डिस्कवर घेऊन गेलो होतो. 11,400 फोटो. मुलगी आता कॉलेजात आहे. ती आणि मी रात्री बसून बघत होतो. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, तू तेव्हा आमच्याबरोबर नव्हतास का?"

होतो की. प्रत्येक फोटोत होतो, कॅमेऱ्याच्या मागे. दुसऱ्या दिवशी मी मोजले, पेशाची सवय. ज्यांत मी दिसतो असे फोटो 63 निघाले, त्यातले बरेच परक्या माणसाला विनंती करून काढून घेतलेले, पाय कापलेले.

खेडच्या त्या माणसाला घरच्या अल्बममध्ये जागा नव्हती म्हणून त्यानं एक शुक्रवार खर्च करून ती मिळवली. मी घरात होतो आणि ती जागा रिकामी ठेवली. आणि माझं कुठलं कुलूप बंद होतं म्हणावं? कॅमेऱ्यात एक सोय पहिल्या दिवसापासून उघडी होती. गोल बाणासारखी, घड्याळाची खूण असते ती. सेल्फ टायमर, दहा सेकंद. एका खुर्चीवर दोन पुस्तकं ठेवून त्यावर कॅमेरा ठेवायचा, बटण दाबायचं आणि जाऊन आपल्या माणसांत उभं राहायचं. सात वर्षांत मी ती क्वचितच वापरली. दर वेळी वाटे, चांगला फोटो आधी घेऊ, माझं काय नंतर.

म्हणून आज एवढंच सांगणं. कपाटातला कॅमेरा काढलाच आहे, तर आधी बॅटरी बाहेर काढून बघा, फुगली असेल तर पुन्हा लावू नका. कार्डावर जे असेल ते संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी, असं दोन जागी उतरवा. कार्डं कायमची टिकत नाहीत. फोटोतल्या म्हाताऱ्या माणसांची नावं, गावं आज विचारून लिहून ठेवा, उद्या सांगणारं कोणी नसेल. मुलांच्या हातात कॅमेरा द्या, आरशाचा तो 'खटक्' त्यांनी ऐकलेला नाही.

आणि घरातला जो माणूस नेहमी फोटो काढतो, तो बाबा असो, आई असो की काका, त्याला या शुक्रवारी किंवा रविवारी, तुमच्या देशात जी सुट्टी असेल त्या दिवशी, खुर्चीत बसवा. कॅमेरा पुस्तकांवर ठेवा. दहा सेकंद पुष्कळ होतात. मी मागच्या दिवाळीत घड्याळ लावून पाहिलं आहे, पुण्याच्या आमच्या घरात टेबलापासून सोफ्यापर्यंत जाऊन, मुलाला सरकवून, बायकोच्या शेजारी बसेपर्यंत सहा सेकंद लागतात. चार उरतात.